पाहुणे तिथी पाळून येतात

श्रावण संपता संपता कोकणकिनाऱ्यावर पहिले किनारपक्षी उतरतात आणि पुढच्या महिन्याभरात कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्रात मथळा झळकतो: 'परदेशी पाहुण्यांचं आगमन'. आतल्या मजकुरात त्यांना 'हिवाळी पाहुणे' असंही म्हटलेलं असतं. मथळा प्रेमानेच दिलेला असतो. पण परदेशी, हिवाळी आणि पाहुणा हे तिन्ही शब्द एकदा ओल्या वाळूत उभं राहून तपासून पाहावेत असे आहेत.

तपासायला पक्षी घेऊ तिबेटी वाळू चिखल्या. साळुंकीपेक्षा लहान, पाठ मातकट करडी, पोट पांढरं, चोच आखूड आणि काळी. ऑगस्टात उतरलेल्यांच्या छातीवरचा विटकरी पट्टा अजून पुरता फिकटलेला नसतो. तो त्यांचा विणीचा पोशाख. कालपरवापर्यंत याला इंग्रजीत लेसर सँड प्लोव्हर म्हणत. आता शास्त्रज्ञ त्याचे दोन वेगळे पक्षी मानतात, सैबेरियन आणि तिबेटी. आपल्याकडे येतो तो मुख्यत्वे तिबेटी. त्याची वीण होते तिबेटच्या पठारावर आणि हिमालयापलीकडच्या उंच प्रदेशात, आपल्या लडाखमध्येही. म्हणजे अलिबागच्या पुळणीवर पळणारा एखादा चिखल्या लडाखात जन्मलेला असू शकतो. त्याला परदेशी कसं म्हणायचं? तो येतो तेव्हा पाऊस चालू असतो, भाताला लोंब्याही आलेल्या नसतात. मग हिवाळी कसं म्हणायचं? आणि ऑगस्टात आलेला हा पक्षी एप्रिल सरेपर्यंत इथेच असतो. वर्षातले आठ-नऊ महिने तो आपल्या किनाऱ्यावर काढतो आणि विणीपुरते थोडे महिने डोंगरापलीकडे जातो. हिशोब मांडला तर तो पाहुणा तिथला ठरतो.

तरीही 'पाहुणा' हा शब्द मला सोडवत नाही, कारण त्याचं मूळ फार सुंदर आहे. संस्कृतात प्राघूर्ण किंवा प्राघुण असा शब्द आहे, प्राकृतात त्याचा 'पाहुण' झाला आणि मराठीत पाहुणा. यातला धातू 'घूर्ण्', म्हणजे गरगरणे, फिरणे. हिंदीतल्या विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याला घूर्णन म्हणतात, तोच हा. पाहुणा म्हणजे मुळात फिरस्ता. जेवायला वाढलेलं पान, बसायला दिलेला पाट, चार दिवसांचा मुक्काम हे सगळं नंतर त्या शब्दाला चिकटलं. आधी होतं ते नुसतं हिंडणं.

अतिथीचीही तीच गोष्ट. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. मनुस्मृती वेगळं सांगते: एकच रात्र राहतो, टिकून राहत नाही, म्हणून तो अतिथी. व्याकरणकार मात्र शब्द 'अत्' या धातूपासून साधतात आणि धातुपाठात या धातूचा अर्थ दिला आहे 'सातत्यगमन', सतत चालत राहणं. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना लावून पाहिलं तर पहिल्या दोन व्युत्पत्ती गळून पडतात. ते एका रात्रीपुरते येत नाहीत, आणि त्यांची तिथी तर पंचांगात लिहावी इतकी ठरलेली असते. दरवर्षी त्याच पंधरवड्यात, पुष्कळदा त्याच खाडीच्या तोंडाशी, ते उतरतात. तिसरी व्युत्पत्ती मात्र त्यांना नेमकी बसते. सतत चालत राहणारा तो अतिथी.

या चालण्याची ताकद केवढी असते ते एका आकड्यावरून कळावं. ऑक्टोबर २०२२मध्ये पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा अलास्काहून निघाला आणि अकरा दिवसांत, कुठेही न उतरता, सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात पोचला. त्याच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र होतं म्हणून हे कळलं. वय होतं अवघं पाच महिने. बऱ्याच किनारपक्ष्यांत मोठी पाखरं आधी निघून जातात आणि त्या वर्षीची पिल्लं मागाहून, आईबापांशिवाय, कधी न पाहिलेल्या वाटेने निघतात. भाद्रपदात आपल्या वाळूवर दिसणाऱ्या ज्या चिखल्यांच्या पिसांच्या कडा फिक्या, खवल्यांसारख्या दिसतात ना, ती ही पिल्लं. इतक्या लांबून पहिल्यांदाच आलेली असतात.

तिथीचा विषय निघालाच आहे तर किनाऱ्यावर पक्षी पाहणाऱ्यांना ती किती उपयोगी पडते तेही सांगायला हवं. ओहोटीला पाणी दूर जातं, पाखरं पसरतात, दुर्बिणीतही ठिपकेच दिसतात. पाणी चढू लागलं की तीच पाखरं पुढे पुढे ढकलली जातात आणि भरतीच्या आधीच्या दोन तासांत अगदी हाताच्या अंतरावर येतात. म्हणून भरती कधी हे माहीत हवं. आपल्या किनाऱ्यावर त्याचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मोबाईलवर भरतीचं कोष्टक मिळतं हे खरं, पण तोंडी हिशोबाने येणारी वेळ त्याच्या फार आसपास असते. द्वादशीला सकाळी सातला पुळणीवर पोचावं, ते यासाठी.

'वेळ' म्हटलं तर तोही शब्द समुद्रातूनच वर आलेला आहे. संस्कृत वेला म्हणजे मर्यादा, काठ, समुद्राचा किनारा, भरती आणि काळ. पाणी जिथवर येतं ती वेला आणि येतं तेव्हाचीही वेलाच. मराठीने काळाचा अर्थ ठेवला आणि काठाचा सोडून दिला. कोकणीने काठ सांभाळला. गोव्यात आजही 'दर्यावेळ' म्हणजे समुद्रकिनारा. कासवांमुळे प्रसिद्ध झालेलं वेळास आणि गुहागरजवळचं वेळणेश्वर, दोन्ही गावं समुद्राला लागून आहेत. त्यांच्या नावात तीच जुनी वेळ असावी असं मला वाटतं. 'पुळण' आपण पुलिन या संस्कृत शब्दावरून घेतली. 'किनारा' आणि 'दर्या' फारसीतून आले. 'ओहोटी'च्या मागे प्राकृतातला 'ओहट्ट' आहे, मागे सरणे. 'मोसमी' वाऱ्यातला मोसम अरबी 'मौसिम', म्हणजे ठरलेला काळ. त्या वाऱ्यावर अरबांची गलबतं ये-जा करत आणि त्याच वाऱ्याच्या भरवशावर चातक आफ्रिकेकडून पावसाच्या पुढे येतो. चिखल्या उतरत असतात त्याच सुमाराला चातक परत निघतो. एका ओल्या महिन्यात आपला किनारा एकाच्या आगमनाचा आणि दुसऱ्याच्या प्रस्थानाचा असतो, हे मथळ्यात कधी येत नाही.

तो महिना भाद्रपद आणि त्याचा कृष्णपक्ष म्हणजे पितृपक्ष, कोकणातला म्हाळ. पक्ष या शब्दाचा मूळ अर्थ कूस, बाजू. अंगाच्या बाजूला असतो तो पंख, महिन्याची एक बाजू तो पंधरवडा, वादातली एक बाजू तो पूर्वपक्ष. आणि पंख आहेत तो पक्षी. मराठीने याचं 'पाख' केलं, आणि 'पक्षिरूप' झिजवून झिजवून 'पाखरू' केलं. मला विचाराल तर मराठीतल्या सर्वांत मऊ शब्दांपैकी हा एक. कोळीवाड्यात कुरव असो, सुरय असो की चिखल्या असो, पहिल्यांदा ऐकू येतो तो हाच शब्द: 'पाखरं बसलीत.'

या पाखरांची पाहणी करायला अलिबागजवळची आक्षीची पुळण फार चांगली आहे. साखरखाडीच्या तोंडाशी वाळू आणि चिखल एकमेकांत मिसळतात, म्हणून दोन्हीकडचे पक्षी एका जागी दिसतात. याच आक्षीत मराठीतल्या जुन्यात जुन्या शिलालेखांपैकी एक आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा. त्यात शिलाहार राजा केसीदेवराय याला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलं आहे. हजार वर्षांपूर्वी ज्या गावात मराठी दगडावर उतरली तिथेच भाद्रपदात पाखरं उतरतात, आणि मराठी उतरली तेव्हाही ही पाखरं दगड कोरणाऱ्याच्या कानांवर शीळ घालत असणार. लेखात त्यांचा उल्लेख नाही, दानपत्रात तो कशाला असेल? पण त्यांना तेव्हा काय म्हणत असतील या प्रश्नाने मला पछाडलं आहे.

चढत्या पाण्याच्या वेळी तिथे काय दिसतं ते सांगतो. वाळूवर इवल्या खेकड्यांनी उपसलेल्या गोळ्यांची नक्षी असते. तिच्यावरून चिखल्या पळतो, थबकतो, मान तिरकी करतो, टिपतो, पुन्हा पळतो. पळताना पाय दिसत नाहीत, थांबला की दिसतात. त्याच्या मागे कोरल उभा असतो, खाली वाकलेली लांबलचक चोच घेऊन. खेकड्याच्या बिळात ती चोच जवळजवळ मुळापर्यंत जाते, मान किंचित फिरते आणि खेकडा बाहेर येतो. कोरल त्याला झटकतो, एकेक पाय गळून पडतो आणि मग उरलेला गोळा गिळला जातो. पाणी आणखी चढलं की सगळे कोरड्या वाळूवर गोळा होतात, वाऱ्याकडे तोंड करून, बरेचसे एका पायावर.

आता नावांकडे वळू. कोरल, कुणी कुरल म्हणतात, हे त्याच्या हाकेवरून आलेलं नाव. इंग्रजी कर्ल्यूचंही तसंच. टिटवी हाकेवरूनच, संस्कृत टिट्टिभापासून. तुतारी, टिवळा, ही सगळी कानाने ठेवलेली नावं. पण मला खास मराठी वाटतात ती दुसरी: चिखल्या, शेकाट्या, उचाट्या, कालवफोड्या. यांच्या शेवटी जो 'या' आहे तो पाहा. लाकूडतोड्यातला तोच. गण्या, बाब्या, पक्या यांतलाही तोच. सलगी असल्याशिवाय मराठी माणूस कुणाला असा 'या' लावत नाही. कालवफोड्या हा काळापांढरा, लालभडक चोचीचा पक्षी आक्षीच्या वाळूवर दिसतो. त्याला इंग्रजीतही कालव पकडणारा असंच म्हणतात, त्यामुळे नाव अनुवादातून आलं असेल. पण 'फोड्या' म्हटल्याबरोबर तो गावातला झाला. कालवं फोडताना कोयतीचा जो आवाज होतो तो ज्याने ऐकला आहे त्याला हे नाव पटवून द्यावं लागत नाही.

या नावांमध्ये एक आख्खं गाव वसलेलं आहे. सुतार, शिंपी, धोबी, कोतवाल, सुगरण. धोबी म्हणजे परीटही. शेपटी सतत वरखाली आपटतो, दगडावर कपडे आपटावेत तशी, म्हणून हे नाव. करडा धोबी भाद्रपदातच सह्याद्रीतल्या ओढ्यांवर आणि मग खाली किनाऱ्याकडे येतो. संस्कृतात तो खंजन. शरद ऋतू आणि खंजन यांची जोडी आपल्या काव्यात इतकी पक्की की डोळ्यांना उपमा द्यायची तर खंजनाची. पण मला काव्यापेक्षा वराहमिहिराचं काम मोठं वाटतं. सहाव्या शतकातल्या त्याच्या बृहत्संहितेत खंजनावर स्वतंत्र अध्याय आहे. वर्षातला पहिला खंजन कुठे दिसला, कोणत्या अवस्थेत दिसला, यावरून शुभाशुभ फळं त्यात सांगितली आहेत. फळांवर विश्वास ठेवायची गरज नाही. पण खंजन ठरावीक काळी येतो, वर्षातला त्याचा पहिला दिवस वेगळा मोजावा, जागा नीट पाहावी, हे कुणीतरी तेव्हा शिकवत होतं. आज पक्षी पाहणारी मंडळी वहीत पहिल्या आगमनाची नोंद करतात ती याच जातीची.

पंडितांनी खंजन दिला, ओढ्यावरच्या लोकांनी धोबी दिला. तिसरं नाव देणारे होते दरबारातले. आणि तिथे एक शब्द असा सापडतो की जो उलगडला तेव्हा मला फार आनंद झाला.

आश्विनात थवा एकदम उठला, सगळी पांढरी पोटं एका क्षणात लकाकली, की समजावं, वर ससाणा आहे. बहुतेकदा तो बहिरी ससाणा असतो. उत्तरेच्या टुंड्रातून येणारा हा पक्षी किनारपक्ष्यांच्या मागोमाग किनाऱ्याला लागतो. ससाणा हा शब्द 'शशादन' यावरून आला, ससे खाणारा. अमरकोशात शशादन हे श्येनाचं एक नाव आहे. पण बहिरी? तो बहिरा असतो अशी समजूत आहे आणि आपल्या कानाला तसंच ऐकू येतं. वास्तविक हा शब्द 'बहरी'. अरबीत 'बह्र' म्हणजे समुद्र. बहरी म्हणजे समुद्राचा. अरब शिकारी आजही या स्थलांतरी ससाण्याला 'शाहीन बहरी' म्हणतात, कारण तो त्यांना समुद्रकिनाऱ्यावर सापडतो. फारसी बोलणाऱ्या शिकारखान्यांतून शब्द हिंदुस्थानात आला. मादी मोठी आणि शिकारीला चांगली, म्हणून 'बहरी' ती आणि नराला 'बहरी बच्चा'. मराठीत आल्यावर समुद्र निसटला आणि बहिरेपण राहिलं. ज्या पक्ष्याला समुद्राचं नाव होतं तो आपल्या समुद्रावर दरवर्षी येतो आणि आपण त्याला ऐकू येत नाही असं समजतो. शास्त्रीय लॅटिन नावातला 'पेरेग्रिनुस' म्हणजे परमुलखात फिरणारा. म्हणजे तोही शेवटी पाहुणाच, मूळच्या अर्थाने.

या बहरीचा एक धागा थेट आपल्या इतिहासात जातो. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) वसवणारा अहमद निजामशहा आणि त्याचं घराणं 'बहरी' म्हणवत असे. त्याचा बाप मलिक हसन मूळचा ब्राह्मण, घराणं पाथरीचं, हसनच्या बापाचं नाव भैरव, आणि बहामनी राजपुत्राच्या तोंडी भैरवचं बहरी झालं, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. दुसरी सांगी हे नाव शाही ससाण्यांच्या देखरेखीशी जोडते. मला दोन्ही एकदम खऱ्या असण्यात अडचण दिसत नाही. भैरवचं भैरी आणि भैरीचं बहरी होताना समोर ससाणा बसलेला असेल तर शब्द तिकडे झुकणारच. रत्नागिरीचा श्रीदेव भैरी मात्र निखळ भैरवच. त्याचा ससाण्याशी संबंध नाही.

बाज, शाहीन, शिकरा, तुरमुती, बहरी. राजांच्या मनगटावर बसलेल्या पक्ष्यांना दरबारी नावं मिळाली आणि ती आजतागायत टिकली. चिखलातल्यांना चिखलात काम करणाऱ्यांनी नावं दिली. त्यातली कित्येक लिहिलीच गेली नाहीत. मोल्सवर्थच्या कोशात पक्ष्यांची नावं पुष्कळ आहेत, पण अर्थ पाहायला जावं तर अनेक ठिकाणी 'एक पक्षी' यापलीकडे काही नाही. त्याने १८५७च्या आवृत्तीपर्यंत अफाट शब्द जमवले, त्याच्यावर आणखी ओझं टाकणं अन्याय होईल. नावं सांगणारा आणि पक्षी ओळखणारा असे दोघे एका ठिकाणी क्वचितच बसले, हे खरं कारण.

मग विसाव्या शतकात चौथे नाव देणारे आले: याद्या करणारे. त्यांचे उपकार आहेत. मारुती चितमपल्लींनी पक्षिकोश केला. पक्षिमित्रांनी शेकडो जातींना मराठी नावं सुचवली. एकेका पक्ष्याला दहा गावांत दहा नावं असताना एक नाव लागतंच, नाहीतर नोंदी जुळणार कशा? पण इंग्रजी नाव शब्दशः उचलण्याचा सोपा मार्ग काही ठिकाणी घेतला गेला, तो मला मान्य नाही. 'केंटिश चिखल्या' घ्या. केंट हा इंग्लंडमधला परगणा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे मिळालेल्या नमुन्यांवरून इंग्रजीत हे नाव पडलं. लिनियसने त्याआधीच, १७५८मध्ये, त्याचं शास्त्रीय नाव इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियावरून ठेवलं होतं. इंग्लंडमध्ये हा पक्षी आता वीण करणारा म्हणून जवळजवळ राहिलेला नाही. आणि आपल्याकडे तो गुजरातच्या किनाऱ्यावर घरटीही करतो. जिथून तो गेला त्या परगण्याचं नाव मराठी मुलाने का घोकायचं? तो चिखलापेक्षा वाळूवरच जास्त असतो. गळ्यातला पट्टा समोर तुटलेला असतो, हीच त्याची खूण. तिच्यावरून नाव देता आलं असतं. 'कुरव चोचीचा सुरय' हेही तसंच, इंग्रजी शब्दांची रांग मराठीत उभी केलेली.

कुरव हा शब्द मात्र जुन्या गंधाचा आहे. अमरकोशात उत्क्रोश आणि कुरर एकाच पक्ष्याची नावं दिली आहेत. उत्क्रोश म्हणजे वर उठणारा आक्रोश. कुरर म्हणजे मासे मारणारा मोठा शिकारी पक्षी, ज्याला मराठीत कैकर म्हणतात, की किनाऱ्यावर ओरडणारे गल-टर्न, म्हणजे कुरव-सुरय, यावर के. एन. दवे यांनी १९८५च्या आपल्या ग्रंथात बारकाईने लिहिलं आहे. विरहिणीच्या विलापाला संस्कृतात कुररीची उपमा देतात. संध्याकाळी आक्षीला सुरयांचा थवा डोक्यावरून ओरडत गेला की ती उपमा कुणी घरात बसून दिली नसावी याची खात्री पटते.

कोळ्यांकडे पक्ष्यांची नावं कमी आणि माशांची अगणित, असं पुष्कळदा ऐकतो. पहिला भाग अर्धवट खरा आहे. तिसऱ्या, खुबे, मुळे, कालवं यांतला फरक जिला लहानपणापासून कळतो, ती बाई पाखरांतला फरक पाहत नसेल हे शक्य नाही. समुद्रात सुरय सूर मारू लागले की खाली मासळीचा थवा आहे हे होडीतल्या माणसाला ठाऊक असतं. ते त्याचं पोट आहे. आपण विचारत नाही, आणि विचारलं तर पुस्तकातलं नाव सांगून त्याचं नाव खोडतो. पंचतंत्रातली टिटवीची गोष्ट आठवा. समुद्राने तिची अंडी नेली, तिच्या नवऱ्याने समुद्राशीच वैर धरलं, सगळ्या पक्ष्यांनी गरुडाला गाठलं, आणि विष्णूच्या धाकाने समुद्राला अंडी परत द्यावी लागली. ती गोष्ट ज्याने पहिल्यांदा सांगितली त्याने उघड्या वाळूवर घातलेली अंडी नक्की पाहिली होती. भरतीची रेषा कुठे येते हे त्याला माहीत होतं.

आज ती वाळू आणि तो चिखल दोन्ही आक्रसत आहेत. कागदोपत्री खाजण 'पडीक' लिहिलं जातं आणि पडीक लिहिलं की भराव येतो. भरती आणि भराव एकाच 'भरणे'तून आलेले शब्द; भरतीचं पाणी सहा तासांनी परत जातं, भराव जात नाही. उरणच्या पाणथळींवर हे झालेलं आहे. चिखलाला चिखल्याच्या नावात जेवढा मान आहे तेवढा सरकारी शब्दांत मिळाला तरी पुष्कळ होईल.

या भाद्रपदात जमलं तर एखाद्या द्वादशीला सकाळी सातला आपल्या जवळच्या पुळणीवर जा. दुर्बीण नसली तरी चालेल. तिथे पाग टाकणारा, कालवं काढणारी, रापण ओढणारी माणसं असतील. काम संपल्यावर त्यांना पाखरांकडे बोट दाखवून विचारा, याला तुम्ही काय म्हणता. जे सांगतील ते तसंच, त्यांच्या उच्चारात, गावाचं नाव आणि तिथी घालून लिहून ठेवा. शक्य असेल तर पक्ष्याचं छायाचित्र सोबत जोडा. आणि कृपा करून त्यांना दुरुस्त करू नका.